नुसते ओठ

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की आमच्या सोसायटीत समूहगान असतं. दोन गाणी, मग बुंदीचा लाडू आणि वेफर्सची पुडी, की सगळे मोकळे. गेल्या खेपेला कुणीतरी त्याचा व्हिडिओ त्याच रात्री ग्रुपवर टाकला. मी तो स्वतःला बघायला म्हणून लावला, हे आधीच कबूल करते. पण मी त्यात पाठमोरी. समोर एकोणीस गाणारे आणि मी हात हलवतेय. स्वतःची पाठ किती वेळ बघणार, म्हणून एकेक चेहरा बघत गेले. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे सी विंगमधले काका. पांढरा झब्बा, छातीला कागदी तिरंगा, आणि ओठ प्रत्येक शब्दावर अचूक, अगदी ऱ्हस्वदीर्घासकट. तरी काहीतरी खटकत होतं. दुसऱ्यांदा बघताना कळलं. गाणारा माणूस ओळ संपली की श्वास घेतो, खांदे जरासे वर येतात, गळ्याशी काहीतरी हलतं. काकांचं काहीच हलत नव्हतं. शब्द चालू आणि श्वास बंद, असा तो माणूस दोन्ही गाणी संपेपर्यंत उभा होता.

कारण मीच तसं सांगितलं होतं.

तालमी क्लब हाऊसमध्ये रात्री नऊला व्हायच्या. काका सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या भिंतीला लावायचे, पेटी टेबलावर काढून ठेवायचे, पंखा कुठल्या बटणाचा ते फक्त त्यांनाच माहीत. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोललेला, त्यामुळे गळा खणखणीत. सूर मात्र जेमतेम अर्ध्या पट्टीने खाली. बेसूर म्हणावं तर तसं नाही, आमच्या गाण्याच्या बाई ज्याला कणसूर म्हणायच्या तसं. आणि कणसूर माणूस मोठ्यांदा गायला लागला की आजूबाजूचे पाच जण त्याच्याकडे ओढले जातात. चौथ्या तालमीला मी हसत हसत म्हटलं, "काका, तुम्ही नुसते ओठ हलवलेत तरी चालेल हं. लांबून कुणाला कळत नाही." सगळे हसले. काकाही हसले. म्हणाले, "अहो, आमची हीसुद्धा हेच सांगते." पुढच्या तालमीलाही काकांनीच खुर्च्या लावल्या. गाणं छान बसलं. दोन-तीन जणांनी मुद्दाम येऊन सांगितलं की यंदा फारच सुरेल झालं.

हे वाक्य मला नवीन नव्हतं, म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून गेलं. पाचवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागतगीताला मी तिसऱ्या रांगेत होते. तालमीत बाई रांगांमधून कान देत फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू ओठ हलव, आवाज नको." रागावल्या वगैरे नव्हत्या. उलट पाठीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या. त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही, फ्रॉकचा रंगही नाही. पण जबडा दुखला होता हे पक्कं आठवतं. आवाज न काढता गाताना तोंड आपण नेहमीपेक्षा जास्त उघडतो. कुणी बघितलं तर आपणच सगळ्यात मन लावून गातोय असं वाटावं. पुढे मी हट्टाने क्लास लावला, गांधर्वच्या चार परीक्षा दिल्या, आणि तेवढ्या भांडवलावर आज सोसायटीत "आमच्या कंडक्टर" झाले. ए विंगमधला एक कॉलेजवाला मुलगा दर तालमीला मला तिकीट मागतो.

सप्टेंबरात लेकीकडे एस्टोनियाला, ताल्लिनला गेले. ती तिथं शिकते. त्या देशाबद्दल मला दोनच गोष्टी माहीत होत्या, एक म्हणजे सगळा सरकारी कारभार फोनवर चालतो आणि दुसरी म्हणजे हिवाळ्यात तीन-साडेतीनलाच अंधार पडतो. एका दुपारी तिचा वर्ग होता, म्हणून एकटीच पिरिटाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले आणि लाउलुव्याल्याक नावाच्या थांब्यावर उतरले. त्या शब्दाचा अर्थच मुळी गाण्याचं मैदान. समुद्र हाकेच्या अंतरावर. हिरवळीचा भलामोठा उतार आणि त्याच्या तळाशी शिंपल्यासारखी वाकलेली कमान, 1960 साली बांधलेली. दर पाच वर्षांनी तिथं गाण्याचा महोत्सव भरतो आणि वीस-पंचवीस हजार माणसं एकाच वेळी गातात. श्रोते नाही म्हणत मी, गाणारे तेवढे. देशाची लोकसंख्या जेमतेम 13 लाख. मी गेले त्या दिवशी मात्र मैदानात एक आजोबा, त्यांचं कुत्रं आणि सुसाट वारा, एवढेच. शाल डोक्यावरून घेऊन मी चढाच्या वरच्या टोकाला गेले. तिथं एक ब्राँझचा माणूस बसलेला.

गुस्ताव एर्नेसाक्स. 1908 साली एका खेड्यात जन्मलेला, शाळेत गाणं शिकवणारा मास्तर, पुढे त्या देशातला सगळ्यात मोठा समूहगान-संचालक. 2004 साली बसवलेला हा पुतळा आहे चांगला धिप्पाड, पण हात उगारलेले नाहीत. आपल्याकडे पुतळ्याचा हात वर नसेल तर लोकांना पुतळा अपुरा वाटतो. इथं ज्याचं सगळं आयुष्य हात वर करण्यात गेलं त्यालाच बसवून ठेवलंय, तेही मंचावर नाही, गवतात, प्रेक्षकांमध्ये, तोंड कमानीकडे करून. पोरं चढून चढून मांडीवरचा भाग गुळगुळीत झाल्यासारखा दिसला. मीही शेजारी टेकले. ब्राँझ गार पडलं होतं.

संचालकाचा धंदा तसा चमत्कारिकच. पूर्ण कार्यक्रमात आवाज न काढणारा तो एकटा. गवयाला गळा आहे, तबलजीला बोटं आहेत, याला काय, तर दुसऱ्यांचे गळे. आपल्याकडे असा माणूसच नाही. दिंडीत विणेकरी असतो, मृदंग असतो, टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, पण देवाकडे किंवा लोकांकडे पाठ करून हात हलवणारा कुणी नाही. कीर्तनात टाळकरी बुवांच्या मागे उभे असतात, बुवांना ते दिसतसुद्धा नाहीत. बुवा अभंगाचा चरण अर्धा सोडून देतात आणि मागून तो बरोबर उचलला जातो. सगळा कारभार कानावर. तिथल्या महोत्सवात कान उपयोगाचा नाही, हे त्या कमानीकडे बघताना लक्षात आलं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे पन्नास-साठ मीटरवरच्या माणसाचा सूर आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सहावा भाग लागतो, आणि द्रुत लयीत तेवढ्यात अर्धी मात्रा निघून जाते. कमानीच्या एका टोकाचे लोक दुसऱ्या टोकाचं ऐकून गायला लागले तर दोन ओळींत गाणं मागेमागे घसरत जाईल. म्हणून शेजारचं ऐकायचं नाही, हाताकडे बघायचं. हजारो माणसांनी आपल्या कानावरचा विश्वास काढून एका हातावर ठेवायचा. मला ते थोर वाटलं, आणि जरा भीतीही वाटली.

रात्री लेकीने आणि तिच्या घरमालकिणीने मिळून मला बाकीचं सांगितलं. घरमालकीण साठीच्या पुढची, स्वतः एका बायकांच्या गानमंडळात अल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातला खालचा भाग, गाणारी. तिच्या आईने 1960 च्या महोत्सवात गायलं होतं. ती बोलायची, लेक मराठीत आणायची, मध्येच दोघी कशावरून तरी वाद घालायच्या आणि मी चहाचा कप धरून बसायचे. लिडिया कोइदुला नावाच्या कवयित्रीची एक कविता, "मु इसामा ऑन मिनू आर्म". माझी जन्मभूमी हेच माझं प्रेम, साधारण असा अर्थ. 1869 साली तार्तू गावात पहिला महोत्सव झाला तेव्हा ती वेगळ्या चालीत गायली गेली होती, आणि गायली होती फक्त पुरुषांनी, कारण त्या महोत्सवात बायकांना जागाच नव्हती. 1944 साली एर्नेसाक्सने त्याच शब्दांना नवी चाल दिली. 1947 च्या महोत्सवात ती लोकांनी उचलली, आणि मग सोव्हिएत सत्तेला ती खुपायला लागली, कार्यक्रमातून गेली. 1960 साली, या नव्या कमानीखालच्या पहिल्याच महोत्सवात, यादीत नसताना लोकांनी ती गायला सुरुवात केली. कुणाचाही हात वर नव्हता.

घरमालकिणीची आई तेव्हा कमानीत डाव्या टोकाला होती म्हणे. समोरचा चौथरा रिकामा. कुणाकडे बघायचं ते कळेना, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते.

1969 ची गोष्ट तर तिथं घरोघरी सांगतात. महोत्सवाची शंभरी, तेच गाणं पुन्हा पुन्हा, लोक मंचावरून उतरेनात, त्यांचा आवाज बुडवायला बँड वाजवला तरी बुडेना, शेवटी एर्नेसाक्सलाच वर बोलावून त्याच्या हाताखाली ते म्हणू दिलं. सांगता सांगता गोष्ट थोडी फुगली असेल, आपल्याकडेही फुगतेच. पण मला त्यातला तो क्षण सोडवत नाही. लाखभर लोक आधीच गातायत, आणि हा माणूस पायऱ्या चढून जातो, हात वर करतो. आता तो नक्की काय चालवतोय? गाणं तर त्याच्याशिवाय चाललेलंच आहे.

इथपर्यंत ऐकलं की डोळे पाणावतात आणि माणूस थांबतो. मी थांबले असते, पण लेकीने तिच्या वयाला शोभेल असा खडा टाकला. म्हणाली, "आई, सोव्हिएत एस्टोनियाच्या राष्ट्रगीताची चालसुद्धा यानेच केली होती, माहितीये?" खरंच आहे ते. 1945 पासून जे अधिकृत गीत शाळेत, सभेत, रेडिओवर वाजायचं, त्याची चाल एर्नेसाक्सची. युद्धात तो रशियात यारोस्लाव्हलला होता, तिथं एस्टोनियन कलावंतांची सरकारी पथकं तयार झाली होती. त्यातल्याच गायकांना घेऊन 1944 साली त्याने पुरुषांचं गानमंडळ उभं केलं आणि 1975 पर्यंत चालवलं. स्टालिन पारितोषिक, लेनिन पारितोषिक, समाजवादी श्रमवीर, सगळं त्याला मिळालं. 1947 चा महोत्सव त्याच्याबरोबर उभा करणाऱ्या आघाडीच्या संचालकांपैकी तिघांना, तूदुर वेत्तिक, रीहो पेत्स आणि आल्फ्रेड कारिंदी यांना, 1950 साली पकडून छावण्यांत धाडलं. एर्नेसाक्स राहिला. 1970 मध्ये शोस्ताकोविच या बड्या रशियन संगीतकाराने त्याच्या मंडळासाठी लेनिनवर एक रचना लिहिली आणि ती त्यालाच अर्पण केली. नाव काय, तर 'निष्ठा'. कादंबरीत कुणी असं नाव दिलं असतं तर मी म्हटलं असतं, लेखकाने फारच उघड केलं.

घरमालकीण यावर काही बोलली नाही. टेबलावरचे ब्रेडचे कण बोटाने गोळा करत राहिली. मग एवढंच म्हणाली की आम्हाला शाळेत ते गीत रोज असायचं आणि मला आजही ते पूर्ण येतं, पण मी ते कधी गायलेलं आठवत नाही. लेकीने विचारलं, म्हणजे? तर तिने ओठ हलवून दाखवले.

माझ्या अंगावर काटा आला, पण त्यांना कारण सांगत बसले नाही. रात्रभर तेच डोक्यात. एका माणसाच्या दोन चाली. एकीवर लोक नुसते ओठ हलवतात आणि दुसरीवर बँड बुडेल इतका गळा काढतात, आणि दोन्हींचा कर्ता एकच. मग त्याचं काय? लेनिनच्या गौरवाची गाणी चालवताना त्याचे हात काय करत असतील? हातांनाही नुसते ओठ हलवता येतात का? तसे हलवले असते तर समोरच्या साठ-सत्तर पुरुषांना ते तत्क्षणी कळलं असतं, कारण हात खोटा पडला की गाणं ढेपाळतं, हे मी एकोणीस जणांवरसुद्धा अनुभवलंय. आणि ते मंडळ ढेपाळलेलं नव्हतं, नाहीतर शोस्ताकोविच कशाला त्याच्यासाठी लिहायला बसला असता? म्हणजे हात खरे होते. दोन्हीकडे खरे. याचा उलगडा मला अजून झालेला नाही. त्याला भित्रा म्हणावं तर तो राहिला म्हणून मंडळ राहिलं, मंडळ राहिलं म्हणून भाषा गाण्यात राहिली. थोर म्हणावं तर छावणीतले ते तिघे आठवतात. एस्टोनिया 1991 साली स्वतंत्र झाला, सोव्हिएत गीत अडगळीत गेलं, जुनं राष्ट्रगीत परत आलं. त्याची चाल तर फिनलंडच्या राष्ट्रगीताचीच. 1993 च्या जानेवारीत एर्नेसाक्स गेला, म्हणजे दीडेक वर्ष त्याने ते नवं जग पाहिलं. कोइदुलाच्या शब्दांची त्याची चाल मात्र अजून महोत्सवात म्हणतात आणि ती सुरू झाली की उतारावरचे सगळे उठून उभे राहतात.

परतायच्या आदल्या मंगळवारी घरमालकीण मला तिच्या तालमीला घेऊन गेली. शाळेचा हॉल, लाकडी जमीन, बाहेर कोट टांगायच्या खुंट्या, ओल्या लोकरीचा वास. पस्तीसेक बायका. कुणी दुकानातून थेट आलेली, कुणी पिशवीत भाजी घेऊन. संचालिका तिशीची, दिवसा गणित शिकवते. ना पेटी, ना तानपुरा. तिने लहानसा पोलादी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला, आणि चार गटांना चार वेगळे सूर गुणगुणून दिले. बस, सुरुवात. मी अल्टोंच्या मागे बसले होते. त्यांची ओळ एकटी ऐकली तर चाल विसरलेल्या माणसासारखी वाटते, एकाच दोन-तीन सुरांवर रेंगाळणारी, कुठंच न जाणारी. आणि सगळे गट एकत्र आले की तीच ओळ नसेल तर सगळं पोकळ. एका सुरात गाणाऱ्या आमच्यासारख्यांना हे समजायला वेळ लागतो. आमच्याकडे वेगळा सूर म्हणजे चूक.

चहाच्या सुट्टीत मी लेकीकरवी तिला विचारलं, कणसूर माणूस आला तर काय करता? लेकीला कणसूरचं भाषांतर करताना घाम फुटला. संचालिकेने आधी विचारलं, तो तालमीला वेळेवर येतो का? मी म्हटलं, सगळ्यांच्या आधी. मग ती म्हणाली, त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघते. पक्क्या सुराची माणसं दोन्ही बाजूंना आणि एक मागे, म्हणजे त्याला तीनही बाजूंनी ऐकू येतं. दोन महिन्यांत पुष्कळ फरक पडतो. आणि नाही पडला तर? तिने खांदे उडवले. घरमालकीण मध्येच म्हणाली, तेही फार गोड नाहीये, महोत्सवाआधी सगळ्या मंडळांची परीक्षा होते, एका वर्षी आम्हालाच घेतलं नव्हतं. मग काय केलंत? गवतात बसून गायलो, तिथं कोण अडवतंय.

परत आल्यावर मी काकांशी बोलायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा लिफ्टमध्ये नुसतं "काय म्हणताय" म्हणून उतरले. काय सांगणार होते? माफी मागावी तर त्यांना ते आठवतही नसेल, आणि आठवत असेल तर त्याहून वाईट. 26 जानेवारीच्या तालमी सुरू झाल्या. काका आले, खुर्च्या लावल्या, पंखा बंद केला, थंडी होती. मी रांगा नव्याने लावल्या. बी विंगमधल्या एक काकू भजनी मंडळात सुराला एकदम पक्क्या, त्या त्यांच्या उजवीकडे, डावीकडे बँकेतले एक गृहस्थ, मागे तो तिकीटवाला मुलगा. कुणी कारण विचारलं नाही. पेटीवर काळी दोनचा सूर धरला, हात वर केला. पहिला चरण झाला. बघितलं, तर ओठ सगळे बरोबर आणि खांदे जागच्या जागी.

दुसऱ्या चरणाआधी मी थांबवलं आणि त्यांच्यापाशी गेले. जमेल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "काका, आवाज काढा ना."

"काढतोय की," काका म्हणाले.

मी पुन्हा सूर दिला आणि या वेळी समोर न जाता तिथंच, त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन उभी राहिले. बाकीचे अठरा जण हाताशिवाय सुरू झाले. काकूंचा आवाज स्वच्छ येत होता, मागून त्या मुलाचा. आणि मध्ये कुठंतरी, पंख्याच्या खरखरीएवढं, काहीतरी होतं. अर्ध्या पट्टीने खाली.